माहेरी जाताना तपासण्यांची फाइल

प्रश्न : मला सव्विसावा आठवडा सुरू आहे. पहिल्या बाळंतपणासाठी लवकरच पुण्याहून नांदेडला माहेरी जाणार आहे. माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे, पतींचा पॉझिटिव्ह. काही रिपोर्ट फाइलमध्ये आहेत, काही पतींच्या व्हॉट्सॲपवर, आणि पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडतच नाही. तिकडच्या डॉक्टरांसाठी आणि बाळंतपणानंतरसाठी नोंदी कशा ठेवाव्यात? — एक वाचक, पुणे

उत्तर : हरवलेला रिपोर्ट आधी मिळवा. पाळीच्या तारखेवरून काढलेली प्रसूतीची तारीख आणि पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीची तारीख यांत बराच फरक असेल, तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून आठवडे तितके नेमके ठरत नाहीत. लिंगनिदानविरोधी कायद्यानुसार सोनोग्राफी केंद्राला नोंदी दोन वर्षे जपाव्या लागतात, त्यामुळे निघण्यापूर्वी तेथे प्रत मागायला संकोच करू नका. चकचकीत कागदावरची छायाचित्रे कालांतराने फिकी पडतात. टंकलिखित रिपोर्ट मात्र जपलाच पाहिजे.

फाइलच्या पहिल्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि रक्तगट ठळक लिहा. त्याखाली प्रत्येक तपासणीपुढे तारखेसोबत आठवडाही लिहा, म्हणजे नव्या डॉक्टरांना हिशेब करत बसावे लागणार नाही. हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब यांचे आकडे एकाखाली एक येऊ द्या. ११ वरून ९ वर घसरलेले हिमोग्लोबिन सुट्या कागदांत सहज नजरेतून सुटते. आशाताईंकडून माता व बाल संरक्षण कार्ड घेतले नसेल, तर खासगी रुग्णालयात नाव घातलेले असले तरी ते घ्या. बाळाचे लसीकरणही त्यातच नोंदवले जाते.

तुमच्या बाबतीत रक्तगटाची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. निगेटिव्ह रक्तगटाच्या मातेची इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्तपेशींविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, हे पाहणारी रक्तचाचणी) करून ती निगेटिव्ह आल्यास, अशी प्रतिपिंडे पुढेही तयार होऊ नयेत म्हणून साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात. नेमका तोच आठवडा तुमच्या प्रवासात सापडण्याची शक्यता आहे, तेव्हा ते पुण्यात घ्यायचे की नांदेडला, हे आत्ताच ठरवा. इंजेक्शननंतर काही आठवडे तीच चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. इंजेक्शनची तारीख लिहिलेली नसेल, तर नवे डॉक्टर विनाकारण काळजीत पडतील. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाल्यास पुढचे इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत घ्यावे लागते, म्हणून घरच्या एका जाणत्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा.

बाळासाठी वेगळे पान करा. त्यावर वजन आणि जन्माची तारीख लिहाच, पण वेळही लिहा, कारण काविळीचा आकडा बाळाच्या वयाच्या तासांवर जोखतात. टाचेतून रक्त घेऊन केलेली थायरॉइडची चाचणी आणि पहिल्या महिन्यातील ऐकण्याची चाचणी झाली की नाही, हे घरी सोडतानाच विचारून घ्या. या दोन्ही चाचण्या सगळीकडे आपोआप होतातच असे नाही.

बाळ आले की आईची फाइल मागे पडते, आणि त्यात साखरेची तपासणी हमखास राहते. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्तातील साखर १४० किंवा अधिक आली, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी लागते. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते. दोन्ही कामे एकाच फेरीत उरकता येतात.