मास्टर सिलिंडर बदलण्याआधी पेडल नीट तपासा

आपल्या जुन्या गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) आणि पॅड बदलले, ब्रेक ऑइल नवे भरले, दोनदा हवा काढली, तरीही पेडल मऊच लागते आणि म्हणून मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर) बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की तो आत्ताच बदलू नये. दोष सापडेपर्यंत गाडी मात्र रस्त्यावर मुळीच काढू नका.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागातला, व्हॅक्यूम संपेल. त्यानंतर ते एकसारख्या दाबाने अर्धा मिनिट धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली जात राहिले, तर ऑइल कुठून तरी निसटत आहे. बाहेर कुठेही ओल दिसत नसेल तरच मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी सीलवर संशय घ्यावा. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, पण लगेच पुन्हा दाबले की वर येऊन कडक होते, असे असेल तर मागच्या ड्रममधले ब्रेक शू फार सैल आहेत आणि शू व ड्रममधले अंतर ठरवणारा अॅडजस्टर फिरवून काम होईल. पेडल एका जागी थांबते पण स्प्रिंगसारखे दबते, तेव्हा आत हवा आहे किंवा होज पाइप (चाकाकडे ऑइल नेणारा लवचिक रबरी पाइप) फुगतो आहे.

आपल्या वर्णनावरून मला ही तिसरी शक्यता अधिक वाटते, आणि कॅलिपर नवे असल्यामुळे सर्वप्रथम त्यांची ब्लीडिंग निपल (हवा काढण्याची छोटी तोंडे) पाहावीत. काही गाड्यांत डावा आणि उजवा कॅलिपर चुकून अदलाबदल होऊनही व्यवस्थित बसतात. मग निपल खालच्या बाजूला येते, हवा मात्र वरच्या पोकळीत अडकून राहते आणि कितीही ऑइल वाहवले तरी ती बाहेर पडत नाही. निपल वरच असेल, तर त्यावर पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ऑइलमध्ये बुडवा आणि मदतनिसाने पेडल सोडण्यापूर्वी निपल बंद करा. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा, कारण सर्वांत दूरचे चाक आधी हा नियम प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी एकदा जरी तळाला गेली, तरी सगळे काम पुन्हा करावे लागते.

या कामात पेडल तळापर्यंत दाबू नये, हे मी आवर्जून सांगतो. जुन्या सिलिंडरचा जो भाग रोजच्या वापरात येत नाही तिथे गंज आणि गाळ साठलेला असतो, त्यावर सील घासले की चांगला सिलिंडरही निकामी होऊ शकतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की ही भीती राहत नाही.

होज पाइपसाठी मदतनिसाला पेडल जोरात दाबायला सांगा आणि आपण प्रत्येक पाइप हाताने चाचपा. दाबाबरोबर तो फुगलेला जाणवला किंवा त्यावर भेगा दिसल्या तर बदलावा, आणि एकाच अॅक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत.

गाडी थंड असताना पेडल कडक आणि लांब उतारानंतरच मऊ होत असेल, तर ऑइलने ओलावा धरला आहे. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० च्या आसपास उतरतो आणि ऑइल उकळून वाफ तयार होते. म्हणून नवे ऑइल नेहमी सीलबंद डब्यातलेच घ्यावे.

एवढे सगळे तपासूनही पेडल खाली जात राहिले तर मास्टर सिलिंडर उघडा. आतल्या भिंतीवर खड्डे दिसले तर नुसते सील बदलून भागणार नाही, पूर्ण सिलिंडर नवा घ्यावा आणि गाडीवर चढवण्यापूर्वीच त्यातली हवा काढावी.