व्हॉल्व्ह गिटार अँपचा टोन सुधारायचाय, आधी कोणते मॉड करू?

तुमचं म्हणणं असं: दोन ईएल८४ (आउटपुट व्हॉल्व्ह) वाला १५ वॅटचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत, सेकंडहँड घेतला, गिटार हम्बकरची (दुहेरी कॉइलच्या पिकअपची). आवाज कमी ठेवला तर घूंऽऽ ऐकू येतं आणि अर्ध्याच्या पुढे नेला की जाड तारांचा चिखल होतो. कुठले कंडेन्सर बदलू आणि कोल्हापुरात हे काम कोण करून देईल?

तूर्त एकही मॉड (सर्किटमधला बदल) करू नका. घूं आणि चिखल एकत्र आले की मला आधी बिघाडाचाच संशय येतो. 'टोन आवडत नाही' म्हणून माझ्याकडे आलेले कितीतरी अँप नुसते दुरुस्त होऊन परत गेलेत, आणि मालकांनी पुन्हा मॉडचा विषय काढला नाही.

आत हात घालण्यापूर्वी एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये (डीसी पुरवठा सपाट करणारे मोठे कंडेन्सर) ३०० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो. आपल्याकडे बरेच मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात, तसं करू नका. १० के, ५ वॅटचा रजिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी लावून अर्धा मिनिट धरा आणि शून्य झालं का ते मीटरने बघा. चालू अँपमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आता घूं. तो कुठल्या सुरात आहे ते तुमची गिटारच सांगेल. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झचा. भुणभुण त्याच्या अगदी जवळ असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे रेक्टिफायरनंतरची (एसीचं डीसी करणारा भाग). फिल्टर कंडेन्सर वाळलेत. त्याहून एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, मग हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरी, अर्थिंग किंवा गिटारची लीड तपासा. फिल्टर कंडेन्सर वाळले की जोरात वाजवताना पुरवठाच खचतो, म्हणून जाड तारा ढिल्या पडतात. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ तिथेच असू शकतं.

चिखलाचं दुसरं कारण फार कमी लोक तपासतात, म्हणून ते सविस्तर सांगतो. गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीतला एक मुलगा असाच अँप घेऊन आला. त्याने आधीच महागडे व्हॉल्व्ह घालून पाहिले होते. दोन दिवस बरं वाजलं आणि पुन्हा तेच. मी खोलीतला दिवा बंद केला आणि दोघं मागच्या जाळीतून बघत बसलो. हीटरची नारिंगी धग दोन्ही व्हॉल्व्हमध्ये सारखीच होती. पण चारेक मिनिटांनी डावीकडच्या व्हॉल्व्हच्या करड्या प्लेटवर (काचेच्या आतलं धातूचं कवच), शिवणीजवळ, नखाएवढा लाल डाग उमटला आणि हळूहळू पसरायला लागला. लगेच बंद केला. व्हॉल्व्हची अदलाबदल केली, तरी लाली डाव्याच बेसवर (सॉकेटवर) आली. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष.

त्या बेसच्या ग्रिडवर (सिग्नल आत घेणाऱ्या पिनवर) मीटर लावला. तिथे डीसी शून्य हवं, होतं ४ व्होल्ट. आधीच्या १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून सिग्नल आणणारा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर गळत होता. कंडेन्सरचं काम सिग्नल पुढे सोडायचं आणि डीसी अडवायचं. हा दोन्ही सोडत होता. तो व्हॉल्व्ह दुप्पट करंट ओढून भाजत होता, जोडीदार उपाशी होता. ६३० व्होल्टचे दोन नवे फिल्म कंडेन्सर लावले आणि त्या मुलाच्या तोंडून पहिला शब्द आला तो 'मोकळा'. आवाज खरोखरच मोकळा झाला होता.

तुमच्याकडे हेच असेल असं नाही, पण दोन्ही ग्रिड मोजा. सोबत बायसही (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट) बघा. दोन्ही ईएल८४ च्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) बहुधा दोघांत मिळून एकच रजिस्टन्स असतो. तो १३० ओहमचा आहे आणि त्यावर १०.४ व्होल्ट मिळाले असं धरा. १०.४ भागिले १३० म्हणजे ८० मिलिअँपिअर, एकेका व्हॉल्व्हला ४०. त्यातले चार-पाच स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचे) वजा करा. उरलेल्या ३५ ला प्लेट ते कॅथोडच्या ३०० व्होल्टनी गुणलं की साडेदहा वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅटची, तेव्हा ठीक. हिशेब १२ च्या वर गेला तर व्हॉल्व्ह आयुष्य गमावतोय.

भिंतीतली वीजही मोजा, तीही रात्री उशिरा. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा असेल आणि घरात २४५ येत असतील तर ६.३ चा हीटर ७ व्होल्टवर चालतो, ६.९ च्या वर जाऊ नये. उलट गणपतीत मंडळांच्या रोषणाईने व्होल्टेज पडलं की तोच अँप मऊ आणि दबका वाजतो. आज आवडलेला टोन उद्या का सापडत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा मीटरवर असतं.

इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट जोडायचे दोन जॅक) असेल तर सेंड आणि रिटर्न एका छोट्या लीडने जोडून बघा. आवाज एकदम उघडला तर जॅकची पाती गंजलीत. आपल्या पावसाळ्यात हे सर्रास होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

एवढं करूनही जाड तारा गिचमिड वाटल्या तरच मॉडचा विचार करा, आणि तोही एका वेळी एकच. हम्बकरचा बास पहिल्याच टप्प्यात पूर्ण वाढला की पुढचे टप्पे त्यानेच गुदमरतात. विकृती (डिस्टॉर्शन) होऊन गेल्यावर टोन कंट्रोलने बास कापून उपयोग नाही, तो आधी कापावा लागतो. पहिल्या १२एएक्स७ च्या कॅथोडवर सहसा १.५ के रजिस्टन्स आणि २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, तो सगळा बास वाढवतो. तिथे १ मायक्रोफॅरड लावा. ढोबळमानाने १०० हर्ट्झच्या खाली वाढ कमी होत जाते आणि चिखल सुकतो. ०.६८ लावलात तर आणखी सुटसुटीत, पण सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारला ते मला पातळ वाटतं. पाच-दहा रुपयांचा हा बदल मला महागड्या कपलिंग कंडेन्सरपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. जुना कंडेन्सर पाकिटात घालून अँपच्या आतच चिकटवून ठेवा.

सोल्डरिंग नको असेल तर पहिल्या बेसवर १२एवाय७ घालून बघा. १२एएक्स७ चा वाढ-गुणांक १००, याचा ४५ च्या आसपास, त्यामुळे अँपचा आवाज उशिरा फाटतो. स्पीकर बदलल्याने मात्र या सगळ्याहून जास्त फरक पडतो, तेव्हा शक्य असेल तर मित्राचा कॅबिनेट लावून ऐका, स्पीकरचे ओहम अँपशी जुळवून.

कोल्हापुरात कोण? व्हॉल्व्ह रेडिओवर हात बसलेले जुने मेकॅनिक अजून आहेत. मी स्वतः लक्ष्मीपुरीतल्या अशाच एका काकांकडे शिकलो. त्यांना गिटार कळत नसेल, पण ईसीसी८३ आणि ईएल८४ त्यांच्या रोजच्या ओळखीचे. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. पॉवर ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर शिवाजी उद्यमनगरात तो भरून मिळेल, २२०, २३० आणि २४० व्होल्ट अशा टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजच्या जोडण्या) मागून घ्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र मोटार भरणाऱ्याकडे देऊ नका. त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकमेकांत गुंफावे लागतात, सरळ एकावर एक गुंडाळले तर वरचे सूर मरतात.

भिंतीतलं व्होल्टेज, हीटरचं एसी, दोन्ही ग्रिडवरचं डीसी, कॅथोडवरचं डीसी आणि प्लेटचं डीसी, एवढं मोजून इथेच खाली लिहा. अँपची आतली बाजू दिसेल असा एक फोटोही टाका. मग कुठे हात घालायचा ते मी नेमकं सांगतो.