नेट नेमकी कोणत्या विषयात?

प्रश्न : मानसशास्त्रात एम.ए. आहे, ५८ टक्के. विद्यापीठात न्यायवैद्यक मानसशास्त्र (गुन्हे आणि न्यायप्रक्रियेशी निगडित मानसशास्त्र) शिकवायचंय. नेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) कोणत्या विषयात द्यावी?

उत्तर : मानसशास्त्रातच. न्यायवैद्यक मानसशास्त्राचा वेगळा पेपर नाही; न्यायवैद्यक विज्ञान आणि गुन्हेशास्त्र हे स्वतंत्र विषय आहेत. अर्ज बाद होतात ते इथेच : जाहिरातीत पद ‘मानसशास्त्र’ असतं आणि उमेदवाराची नेट गुन्हेशास्त्रात. तेव्हा ‘संबंधित विषय’ ही ओळ आधी वाचा. एम.ए.ला ५५ टक्क्यांची अट तुम्ही पार केली आहेच. सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) चालेल, पण ती महाराष्ट्र-गोव्यापुरती. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठासाठी नेटच हवी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार छाननीत पीएच.डी.ला ३० गुण, नेटला ५, प्रत्येक शोधनिबंधाला २ (कमाल १०). या नियमांत हे गुण फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात, निवड मुलाखतीवरच.