फ्लॅट पुरे झाले, आता आफ्रिकेत हॉस्पिटल बांधायला जाऊ का?

प्रश्न: काका नमस्कार, मी गोव्यातल्या वाळपईची, फर्मागुडीला सिव्हिल इंजिनियरिंग केलं आणि पाच-सहा वर्षं पर्वरीत एका बिल्डरकडे साइटवर आहे, स्लॅब घालून घालून वीट आलाय. आफ्रिकेत हॉस्पिटलं, शाळा बांधणाऱ्या संस्थांमध्ये कन्स्ट्रक्शन मॅनेजर घेतात असं कळलं. बाबा म्हणतात, एवढं शिकून तिकडे विटा मोजायला जाणार का? काय करू?

उत्तर: विटा मोजाव्याच लागतील गं, सांग बाबांना, विटा, सिमेंटच्या गोण्या, डिझेल, खिळे, सगळंच. या कामात डिझाइन थोडं आणि सामान वेळेत साइटवर आणणं जास्त. दक्षिण सुदानात साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस, बऱ्याच भागात रस्ता म्हणजे नुसता चिखल, ट्रक अडकतात, म्हणून जे काय हवं ते आधीच आणून ठेवायचं. आपल्याकडे नाही का, जूनच्या आत छपरावरचे नळे (कौलं) परतायला सगळा गाव मेस्ताच्या, म्हणजे मिस्त्रीच्या मागे लागतो, तसंच, फक्त इथे काही राहिलं तर म्हापशाला जाऊन आणता येतं, तिथे एक व्हॉल्व्ह विसरलीस की पाण्याची लाइन पाऊस संपेपर्यंत लटकली. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी विसर, रेती हातात घेऊन बघायची, स्लम्प, म्हणजे ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते, स्वतः काढायचा.

आणि हॉस्पिटल म्हणजे जास्त खोल्यांचा फ्लॅट नव्हे. निर्जंतुक केलेलं सामान आणि वापरलेलं सामान यांच्या वाटा वेगळ्या, ऑटोक्लेव्हला, म्हणजे सामान वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला, वीज आणि पाणी दोन्ही, कचरा जाळायची भट्टी, बाळंतपणातली वार टाकायला वेगळा खड्डा, हे सगळं प्लॅनवर आधी आलं पाहिजे, मागाहून कोंबता येत नाही. पंप कुठला घ्यायचा? ज्याचा स्पेअर तिथल्या बाजारात मिळतो तो. बक्षीस मिळालेल्या देखण्या इमारतींचे फोटो मलाही आवडतात, पण तिथल्या प्लंबरला नळ दुरुस्त करता येत नसेल तर त्या बिल्डिंगचं मला काडीचं कौतुक नाही.

कुठे बघायचं? एमएसएफ, म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, 1971 पासूनची संस्था, तिला डॉक्टरांबरोबर बांधकाम आणि लॉजिस्टिक्सची माणसंही लागतात. यूएनची युनॉप्स आहे, मुख्यालय कोपनहेगनला, ती असले प्रोजेक्ट चालवते. सहसा ठरावीक मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट असतं, पर्मनंटचं डोक्यातून काढ. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून दे, यूएन भरतीसाठी एक पैसा घेत नाही.

भाषेचं मात्र मनावर घे. फ्रेंच बऱ्याच देशांत चालते, पण तू गोव्यात आहेस, पोर्तुगीज का नाही? मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ तिन्हीकडे सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये. मार्च 2019 मध्ये इदाई वादळ मोझांबिकच्या बैरा शहरावर आदळलं, दवाखान्यांचीसुद्धा छपरं उडाली, अशा ठिकाणी तिथल्या मेस्ताशी थेट बोलू शकणारा इंजिनियर सोन्यासारखा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, पणजीतही क्लास आहेत.

राजीनामा लगेच देऊ नकोस. आहे त्याच साइटवर प्लंबिंग, इलेक्ट्रिकल आणि खरेदीचं काम मागून घे, आणि जमलं तर सत्तरी किंवा काणकोणात शाळेचं नाहीतर आरोग्य केंद्राचं एखादं काम पायापासून चावी देईपर्यंत एकटीने सांभाळ. नुसत्या स्लॅबच्या अनुभवावर तिथे पाठवणार नाहीत.