हळदीचे नॅनोकण आणि लेकीचं एम.एस्सी.

नमस्कार ताई,

सांगलीहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्पात तिनं हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, बनवले, आणि आता भरमसाट फीच्या खासगी संस्थेतून ‘एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजी’ करायचं म्हणते. घरच्यांना हे फॅड वाटतं.

फॅड नाही, ताई. चिमूटभर हळद पाण्यात ढवळून ठेवा, तळाशी बसते. फोडणीत पडली की तेल लगेच पिवळंधमक होतं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि जे थोडं आत शिरतं त्याचं रूप आतडं नि यकृत भराभर बदलून टाकतात. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या अभ्यासात माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर तेच 20 पट झालं. नॅनोकणांची वाट वेगळी: कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) किंवा मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत कर्क्युमिन कोंडायचं, म्हणजे ते पाण्यात पसरून राहतं आणि लवकर खराब होत नाही.

पण परीक्षानळीत डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग उडाला (ही ऑक्सिडीकरण रोखण्याच्या ताकदीची चाचणी) म्हणजे शरीरात गुण आला, असं नव्हे. शिवाय, शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. किती पुरे आणि किती जास्त, हे ठरवणारी माणसं हवी आहेत. तुमच्या लेकीला खरं काम तिथे आहे.

पदवीच्या नावात ‘नॅनो’ हवंच असं नाही. माझं मत स्पष्ट आहे, एम.एस्सी. रसायनशास्त्रातच करू द्या. पाया पक्का राहील आणि नोकरीची दारंही जास्त उघडी राहतील. आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास निघतात. मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) हीसुद्धा जरूर बघा. (एम.फार्म.चा विचार असेल तर सोडा, त्याला बी.फार्म. लागतं.) पुढे नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये छात्रवृत्ती, पीएच.डी.चा भार तुमच्यावर येणार नाही. पुण्यात संशोधनासाठी एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. त्या खासगी संस्थेतच जायचं ठरलं, तर फी भरण्याआधी एकदा प्रयोगशाळेत जा आणि कणांचा आकार मोजायचं यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात का, ते बघा.

आज संध्याकाळी लेकीला एवढं विचारा: तुझ्या कणांत किती टक्के कर्क्युमिन अडकलं, आणि महिन्याभरानं त्यातलं किती उरलं? मोजलं नसेल, तर परीक्षेआधी सरांच्या मदतीनं तेवढा प्रयोग कर म्हणावं. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत तिला पहिला प्रश्न हाच येईल.