पंख्याचा वेग ठरवण्याआधी सेन्सर ओळखा

प्रश्न (फोंडा): उबुंटूवर 'सेन्सर्स' कमांड दिली की प्रोसेसरचं तापमान दिसतं, पण पंख्यांचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) दिसत नाहीत. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) मात्र दिसतात. पंखे बिघडलेत का?

पंखे ठणठणीत आहेत. प्रोसेसरचं तापमान त्याच्या पोटातल्याच सेन्सरवरून येतं. पंख्याचे फेरे मोजते ती मदरबोर्डवरची सुपर आयओ चिप, बहुधा न्यूव्होटन किंवा आयटीई कंपनीची. तिचा ड्रायव्हर लोड झालेला नाही. 'सेन्सर्स-डिटेक्ट' ही कमांड रूट म्हणून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवा, चिपचं नाव कळेल. न्यूव्होटनच्या बहुतेक चिपांना एनसीटी६७७५ ड्रायव्हर लागतो, आयटीईच्या चिपांना आयटी८७.

ड्रायव्हर लोड करताना एसीपीआय रिसोर्स कॉन्फ्लिक्ट असा संदेश आला तर थांबा. बायोसचा कोडही तीच चिप वापरतोय, असा त्याचा अर्थ. 'एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस' ही कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) सेटिंग 'लॅक्स', म्हणजे सैल करा, असा सल्ला यावर सर्रास मिळतो. त्याने आकडे दिसतात, पण दोघं एकाच वेळी चिपला हात घालू लागले की चुकीची नोंद होऊ शकते. आधी कर्नल अद्ययावत करा. आसुसच्या अनेक बोर्डांसाठी ५.१७ पासूनच्या कर्नलमध्ये एनसीटी६७७५ ड्रायव्हरला वेगळा, सुरक्षित मार्ग मिळाला आहे.

प्रश्न (म्हापसा): विंडोजवर पंख्याचा वेग बदलणारं सॉफ्टवेअर डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) अडवतो. 'विनरिंग-झिरो' असं नाव दाखवतो. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही, विनरिंग-झिरो हा त्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर आहे; पण डिफेंडरची तक्रार खरी आहे. या ड्रायव्हरमधून साधा प्रोग्रामही थेट हार्डवेअरपर्यंत पोचू शकतो. ही त्रुटी २०२० पासून नोंदलेली आहे आणि डिफेंडरने २०२५ मध्ये तो अडवायला सुरुवात केली. म्हणून कृपा करून डिफेंडरमध्ये 'एक्सक्लूजन' (अपवाद) टाकून तो चालू ठेवू नका. त्याऐवजी पॉनआयओ हा ड्रायव्हर वापरणारी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आहे का, ते बघा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर डेस्कटॉपला फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा, ही आखणी) बायोसमध्येच बसवावा. विंडोज गोठलं तरी तो चालू राहतो. सॉफ्टवेअरने पंखा हाती घेतला आणि तेच मध्ये बंद पडलं, तर पंखा शेवटच्या वेगावर अडकून राहू शकतो. तो वेग कमी असेल आणि त्याच वेळी प्रोसेसरवर भार आला, तर मशीन तापत जातं.

प्रश्न (डिचोली): एक सेन्सर सतत १२७ अंश दाखवतो. घाबरावं का?

नाही. चिपला जितक्या सेन्सरच्या जागा असतात, तितक्या बोर्डवर जोडलेल्या नसतात. रिकाम्या जागेवरून असेच निरर्थक आकडे येतात. प्रोसेसरवर पाच मिनिटं भार टाका. जो आकडा हलत नाही, त्यावर पंख्याचा वेग ठरवू नका.

प्रश्न (वास्को): पंखा दर मिनिटाला घोंघावतो, मग शांत होतो. शिवाय पावसाळ्यात सकाळी कधी कधी सुरूच होत नाही.

दोन वेगळे दोष आहेत. प्रोसेसरचं तापमान एक टॅब उघडली तरी क्षणात दहा अंश उडी मारतं आणि पंखा त्याच्या मागे धावतो. बायोसमध्ये 'स्टेप-अप' किंवा 'स्मूदिंग' वेळ काही सेकंदांनी वाढवा. आधी पंख्याची वायर बघा: चार पिनांचा असेल तर बायोसमध्ये पीडब्ल्यूएम (संकेताने वेग बदलणं) निवडा, तीन पिनांचा असेल तर डीसी (व्होल्टेज बदलून वेग बदलणं). तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो कायम पूर्ण वेगानेच फिरतो.

दुसरा दोष मला जास्त काळजीचा वाटतो. थांबलेला पंखा सुरू करायला जितका जोर लागतो, तितका तो फिरता ठेवायला लागत नाही. लिनक्सच्या 'फॅनकंट्रोल' या पंखे सांभाळणाऱ्या प्रोग्रामात म्हणूनच मिनस्टार्ट (सुरू करायला लागणारा जोर) आणि मिनस्टॉप (फिरता ठेवायला लागणारा) असे दोन आकडे असतात, ० ते २५५ या पट्टीवर. किनाऱ्यालगत खारी हवा आणि धूळ बेअरिंगमध्ये बसली की जुना मिनस्टार्ट पुरत नाही. मशीन बंद करून पंखा बोटाने फिरवून बघा. जड लागला तर बदला, सेटिंगने तो सुधारणार नाही. हलका असेल तर मिनस्टार्ट वाढवा आणि दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' (फॅनकंट्रोलचे हे आकडे ठरवणारी कमांड) पुन्हा चालवा. ते चालताना पंखे काही वेळ थांबवले जातात, तेव्हा मशीनवर दुसरं काही काम ठेवू नका.