'एक था टायगर' आवडला होता, मग 'टायगर जिंदा है' अपेक्षा पूर्ण करतो का?

तुम्ही लिहिलंय की 'एक था टायगर' तुम्ही दोनदा पाहिलाय आणि त्यातली टायगर-झोयाची जोडी मनात घर करून राहिली आहे. दुसरा भाग मात्र अजून पाहिलेला नाही, कारण मित्र म्हणतात की त्यात नुसती मारधाड आहे. म्हणून विचारताय की पाहावा की नाही.

पाहा, नक्की पाहा. फक्त पहिल्या भागात जे आवडलं तेच शोधायला बसू नका, नाहीतर तासाभरात हिरमोड होईल.

2012 सालचा कबीर खानचा पहिला भाग ही मुळात प्रेमकथा होती. डब्लिनमधल्या एका शास्त्रज्ञावर नजर ठेवायला लेखक असल्याची बतावणी करून गेलेला रॉचा माणूस, त्या शास्त्रज्ञाच्या घरी काम करणारी झोया, आणि ती निघते आयएसआयची. तिथे बंदुकीपेक्षा खोटं बोलण्याला जास्त वजन होतं. दोघंही एकमेकांशी खोटं बोलत होती आणि दोघांनाही ते दिवसेंदिवस जड जात होतं. तुम्हाला जोडी आवडली ती यामुळे, असं मला वाटतं.

दुसऱ्या भागात ही ओढ नाही, आणि ती आणता आलीही नसती. ऑस्ट्रियातल्या बर्फाळ डोंगरात दोघांनी संसार थाटलाय, मुलगा मोठा होतोय, एकमेकांपासून लपवायचं काही उरलेलं नाही. दिग्दर्शकही बदललेला आहे. अली अब्बास जफरने संपलेली प्रेमकथा ओढूनताणून पुढे रेटली नाही, सरळ वेगळीच गोष्ट मांडली. सिक्वेल काढणारे बहुतेक जण नेमके इथेच फसतात. जुनाच मसाला दुप्पट तिखट करून वाढतात.

गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट सांगत नाही. इराकमधल्या इक्रित नावाच्या काल्पनिक शहरात अतिरेक्यांनी एक इस्पितळ ताब्यात घेतलंय. आत 25 भारतीय आणि 15 पाकिस्तानी नर्स ओलीस आहेत. सात दिवसांनी अमेरिका त्या इस्पितळावर हवाई हल्ला करणार आहे. त्याआधी टायगरने आत शिरून त्यांना बाहेर काढायचंय.

या सिनेमाचा सगळ्यात भारी भाग म्हणजे आत शिरण्याची युक्ती. टायगर आणि त्याची माणसं तेलशुद्धीकरण कारखान्यात मजूर म्हणून घुसतात. तिथून इस्पितळात जायला एकच वाट आहे, जखमी होण्याची. मग ते स्वतःच अपघात घडवून आणतात, स्वतःला भाजून घेतात. आता खाटेवर भाजलेला मजूर, त्याच्या पट्ट्या बदलणारी नर्स आणि भोवती बंदूकधारी पहारा. मोठ्याने एक शब्द बोलायची सोय नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये मी हा सिनेमा थिएटरात पाहिला तेव्हा सुरुवातीच्या लांडग्यांच्या प्रसंगाला शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं. त्याच थिएटरात या भागाला चिडीचूप शांतता होती. माझ्या शेजारचे काका पॉपकॉर्नचा हात तसाच हवेत धरून बसले होते. हेरपट म्हणावा तो हा इतकाच भाग, आणि तो अस्सल आहे. वेषांतर, वाट पाहणं, कुणी ओळखेल का ही धास्ती. हेराची खरी मेहनत यातच असते.

यात खलनायकाचाही वाटा मोठा आहे. सज्जाद डेलाफ्रूझने उभा केलेला अबू उस्मान आरडाओरडा करत नाही. तो शांतपणे बोलतो, विचार करतो, आणि कधी काय करेल याचा अंदाज लागत नाही. समोरचा माणूस हुशार असल्याशिवाय नायकाच्या हुशारीला किंमत येत नाही. पहिल्या भागात असा तगडा विरोधक नव्हताच, त्यामुळे या बाबतीत दुसरा भाग स्पष्ट सरस आहे.

झोयाबद्दल. तुमचा जीव तिच्यात आहे म्हणून मुद्दाम सांगतो, तिला या भागात बायको म्हणून घरी बसवलेलं नाही. सिटी हॉलमध्ये कैदेतल्या बायकांना सोडवायला ती जाते तो प्रसंग बघा. कतरिना कैफने त्यात जी चपळाई दाखवली आहे ती मला तरी सलमानच्या कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त खरी वाटली. तिथे ती कुणाच्या मदतीला आलेली नसते, मोहीम तिचीच असते.

आणि गिरीश कर्नाड! रॉचे प्रमुख शेणॉय म्हणून ते दोन्ही भागांत आहेत. वाट्याला मोजकेच प्रसंग आलेत, पण आवाज न चढवता ते असे बोलतात की दिल्लीतल्या त्या खोलीत बसून माणसांना मृत्यूच्या दारात पाठवणं म्हणजे काय ते कळतं. 2019 मध्ये ते गेले. आता हा सिनेमा लागला की मी त्यांच्यासाठी थांबतो.

आता तुमच्या मित्रांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. मध्यंतरानंतर एका टप्प्यावर टायगरच्या हातात भलीमोठी मशीनगन येते आणि हेर तिथेच संपतो. उरतो तो सुपरस्टार. समोरून येणारे पटापट पडत जातात, याला गोळी लागेल अशी भीती आपल्याला क्षणभरही वाटत नाही. इतका वेळ श्वास रोखून पाहिलेलं नाटक त्या आवाजात विरून जातं. सिनेमा पहिल्या भागापेक्षा जवळपास अर्ध्या तासाने मोठा आहे, आणि तो जास्तीचा अर्धा तास मला इथेच जाणवला. कात्री लावायला हवी होती.

हे मला इतकं लागतं त्याला कारण आहे. गोष्ट हवेतून आलेली नाही. जून 2014 मध्ये आयसिसने मोसुल आणि पाठोपाठ तिक्रित घेतलं, तेव्हा तिक्रितच्या इस्पितळात 46 भारतीय नर्स अडकल्या होत्या. बहुतेक केरळच्या. जुलैच्या सुरुवातीला त्यांना बसमधून मोसुलला नेलं आणि 5 जुलैला त्या विमानाने कोचीला सुखरूप उतरल्या. हे घडलं ते फोनवरून, बोलण्यांतून, दूतावासाच्या खटपटीतून. त्यासाठी भारताच्या कुठल्या कमांडोला तिक्रितमध्ये उतरावं लागलं नाही. त्या मुली इस्पितळात बसून फोन वाजायची वाट पाहत होत्या, हे चित्र मला मशीनगनपेक्षा कितीतरी अंगावर येणारं वाटतं. सिनेमाने ते हातात घेतलं आणि मग सोडून दिलं.

त्याच जूनमध्ये मोसुलमधून भारतीय मजुरांचंही अपहरण झालं होतं. त्यातल्या 39 जणांची घरची माणसं जवळजवळ चार वर्षं वाट पाहत राहिली. मी थिएटरात बसून टायगरला मजुराच्या वेषात पाहत होतो तेव्हाही ती वाट पाहतच होती. मार्च 2018 मध्ये सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितलं की त्यातलं कुणीही जिवंत नाही. त्यानंतर सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा कारखान्याचा तो प्रसंग मला करमणूक म्हणून पाहताच आला नाही. यात दिग्दर्शकाचा दोष नाही, सिनेमा आधीच बनून गेला होता. पण परदेशात पोटासाठी गेलेल्या माणसाची भीती या सिनेमाला काही मिनिटं का होईना नीट सापडली होती, हे मला तेव्हा कळलं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: प्रेमकथेची अपेक्षा असेल तर नाही. सुटकेच्या थराराची असेल तर हो, आणि पहिल्या भागापेक्षा चांगली पूर्ण होते. दोन्ही भाग लागोपाठ मात्र पाहू नका, मध्ये आठवडाभर जाऊ द्या, म्हणजे डब्लिनचा टायगर डोक्यातून थोडा उतरेल. आणि शक्य असेल तर आवाज चांगला येईल अशा ठिकाणी पाहा. इस्पितळातली शांतता लॅपटॉपच्या स्पीकरवर कळत नाही.

2023 चा तिसरा भागही विचारात असेल, तर तो नंतर कधीतरी सवडीने पाहा. तुमच्या यादीत आधी हा येऊ दे. पाहून झाल्यावर सिटी हॉलचा प्रसंग कसा वाटला ते इथे जरूर लिहा.